शाळेच्या मैदानावरची भाषा : 'ड्रॅगन बॉल' आणि त्याचे प्रेक्षक

#थ्रेड #इतिहास

१/
फेब्रुवारी १९९० मध्ये बार्सिलोनातील टीव्ही३ या वाहिनीवर एक जपानी चित्रमालिका सुरू झाली. नायक म्हणजे शेपटी असलेला, अफाट ताकदीचा आणि तितकाच भोळा एक मुलगा. जगभर विखुरलेले सात मंतरलेले गोळे एकत्र आणले की एक ड्रॅगन प्रकट होतो आणि मागितलेली इच्छा पूर्ण करतो, एवढेच कथेचे बीज. निम्मी मारामारी आणि निम्मी थट्टामस्करी. मालिकेचे मूळ नाव 'ड्रॅगन बॉल'. कातालोनियातील मुलांनी तिला ओळखले ते 'बोला दे द्राक' या नावाने.

२/
हा थ्रेड मालिकेच्या कथानकाविषयी नाही, तिच्या प्रेक्षकांविषयी आहे. इतिहासात राजे, तह आणि लढाया यांची नोंद होते, प्रेक्षकांच्या हसण्याची सहसा होत नाही. परंतु या एका मालिकेला मिळालेल्या प्रतिसादाने जपानमध्ये कथेची दिशा बदलली, फ्रान्समध्ये राजकीय वाद पेटवला आणि कातालोनियात एका दडपलेल्या भाषेला तिची सर्वांत अवघड जागा मिळवून दिली. ती जागा म्हणजे शाळेचे मैदान. तिथपर्यंत ती भाषा कशी पोहोचली, हे समजण्यासाठी आधी मालिकेचे मूळ पाहावे लागेल.

३/
या कथेचा उगम थेट सातव्या शतकात जातो. चिनी बौद्ध भिक्षू ह्यू-एन-त्संग इ. स. ६२९ च्या सुमारास मूळ बौद्ध ग्रंथांच्या शोधात भारताकडे निघाला आणि ६४५ मध्ये मायदेशी परतला. या प्रवासात तो चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या राज्यातही आला. त्याने केलेले महाराष्ट्राचे वर्णन मराठी वाचकांना परिचित आहे : साधे, स्वाभिमानी, उपकाराला जागणारे आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय न राहणारे लोक. मदिरा पिऊन रणात उतरणाऱ्या योद्ध्यांचा आणि मदोन्मत्त हत्तींचा उल्लेखही त्यात आहे.

४/
पुढे चीनमध्ये याच यात्रेभोवती लोककथांची दाट वेल वाढली आणि सोळाव्या शतकात तिला 'पश्चिमेची यात्रा' या कादंबरीचे रूप मिळाले. परंपरेने ती वू छंग-अन याच्या नावावर सांगितली जाते. कादंबरीत भिक्षूपेक्षा भाव खाऊन जातो तो त्याचा रक्षक, वानरराज सुन वुकोंग. तो ढगावर बसून फिरतो, हवी तेवढी लांब होणारी काठी फिरवतो आणि देवांच्याही खोड्या काढतो. त्याच्या घडणीत हनुमानाचा अंश आहे का, यावर विसाव्या शतकात चिनी विद्वानांमध्ये बराच खल झाला. या वानरराजाच्या नावाचा जपानी उच्चार होतो 'सोन गोकू'. 'ड्रॅगन बॉल'च्या नायकाचे नाव हेच आहे. ढग, काठी आणि शेपूटही त्या वानराकडूनच आलेली.

५/
मालिकेचा कर्ता अकिरा तोरियामा याचा जन्म १९५५ चा, जपानच्या आइची प्रांतातला. १९८० ते १९८४ या काळात 'डॉ. स्लंप' या निखळ विनोदी चित्रकथेने त्याला घराघरांत पोहोचवले होते. हाँगकाँगच्या कुंग-फू चित्रपटांचा, विशेषतः जॅकी चॅनच्या विनोदी हाणामारीचा तो भोक्ता होता. संपादक काझुहिको तोरिशिमा याने त्याला त्याच वाटेने काही लिहिण्यास सुचवले. १९८४ च्या अखेरीस 'साप्ताहिक शोनेन जंप'मध्ये 'ड्रॅगन बॉल' क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले.

६/
या साप्ताहिकाचा एक कडक नियम होता. प्रत्येक अंकासोबत प्रश्नावलीचे पोस्टकार्ड असे. वाचकाने त्या अंकातील आवडत्या कथा क्रमाने लिहून ते परत पाठवायचे. सतत तळाशी राहणारी कथा बंद होई, मग तिचा कर्ता कितीही नामवंत असो. दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या हाती एवढी सत्ता देणारे प्रकाशन जगात क्वचितच असेल. आरंभीच्या उत्साहानंतर 'ड्रॅगन बॉल' या यादीत खाली घसरू लागले. साहस आणि विनोद दोन्ही होते, तरी मुलांचे मन रमत नव्हते.

७/
तोरिशिमाचे निदान असे की नायक फारच साधासुधा आहे. उपाय म्हणून तोरियामाने बाकीच्या पात्रांना काही काळ बाजूला सारले, गोकूला एका वृद्ध गुरूकडे शिकायला पाठवले, सोबत क्रिलिन नावाचा सहाध्यायी दिला आणि दोघांना कुस्तीच्या आखाड्यासारख्या एका भव्य स्पर्धेत उतरवले. 'अधिकाधिक बलवान होऊ पाहणारा मुलगा' हे नायकाचे सूत्र ठरले. पोस्टकार्डांचा ओघ फिरला. म्हणजे आज जगाला परिचित असलेले 'ड्रॅगन बॉल' हे एका कलावंताचे जितके आहे, तितकेच कौल देणाऱ्या त्या अनाम मुलांचे आहे.

८/
तोएई अ‍ॅनिमेशनने केलेली चित्रमालिका २६ फेब्रुवारी १९८६ रोजी फुजी टीव्हीवर सुरू झाली आणि १५३ भाग चालली. एप्रिल १९८९ मध्ये तिची जागा 'ड्रॅगन बॉल झेड'ने घेतली. त्याचे २९१ भाग झाले. ज्या साप्ताहिकात मूळ कथा येत होती, त्याचा खप १९९४ च्या अखेरीस ६५ लाख प्रतींच्या वर गेला. १९९५ मध्ये मूळ चित्रकथा ५१९ प्रकरणांनंतर संपली.

९/
मारामारी वाढत गेली, तरी तोरियामाचा मूळ पिंड विनोदवीराचाच राहिला. त्याच्या पात्रांची नावे म्हणजे स्वयंपाकघरातील थट्टा आहे. गोकूच्या मुलाचे नाव गोहान, म्हणजे शिजवलेला भात. ऊलाँग आणि पुआर ही चहाच्या प्रकारांची नावे. विश्वाला धाक घालणाऱ्या 'सायाजिन' योद्धाजातीचे नाव जपानी 'यासाई', म्हणजे भाजी, या शब्दाची अक्षरे उलटसुलट करून बनलेले. तिचा गर्विष्ठ राजपुत्र व्हेजिटा, आणि गोकूचे जन्मनाव काकारोट, म्हणजे गाजर. विश्वाचा क्रूर सम्राट फ्रीझा हा तर शीतकपाटच. जपानी मुले भीतीच्या प्रसंगीही गालात हसत असत, ते यामुळे.

१०/
अशी कथा परदेशात जाते तेव्हा एक पेच उभा राहतो. ठोसा कुठल्याही भाषेत ठोसाच असतो. विनोद मात्र भाषेला चिकटलेला असतो आणि नव्या भाषेत तो पुन्हा घडवावा लागतो. हे न साधल्यास परक्या प्रेक्षकाच्या पदरी केवळ मारामारी पडते. मालिकेचे पुढचे नशीब ठरवण्यात या एका गोष्टीचा वाटा मोठा आहे, आणि त्याचा पहिला धडा फ्रान्समध्ये मिळाला.

११/
फ्रान्समध्ये तेव्हा बुधवारी प्राथमिक शाळांना सुट्टी असे. टीएफ१ ही वाहिनी १९८७ मध्ये खासगी मालकीची झाली आणि त्याच सप्टेंबरात तिने 'क्लब दोरोते' हा मुलांचा कार्यक्रम सुरू केला. तासन्‌तास चालणाऱ्या या कार्यक्रमाला स्वस्तात मिळणाऱ्या जपानी मालिकांचा मोठा आधार होता. मार्च १९८८ मध्ये 'ड्रॅगन बॉल' त्यात आले आणि फ्रेंच मुलांनी ते डोक्यावर घेतले. मोठी माणसे मात्र हादरली. व्यंगचित्रे म्हणजे लहानग्यांसाठीच, असे त्यांनी गृहीत धरले होते. जपानमध्ये किशोरांसाठी आणि त्याहून मोठ्यांसाठी केलेल्या मालिकाही याच समजुतीने सरसकट बालगोपाळांपुढे ठेवल्या गेल्या होत्या.

१२/
१९८९ मध्ये समाजवादी खासदार सेगोलेन रोयाल यांनी दूरचित्रवाणी आणि मुले या विषयावर एक खरमरीत पुस्तक लिहिले. जपानी चित्रमालिका हे त्यांचे एक प्रमुख लक्ष्य होते. दृश्ये कापली जाऊ लागली. 'फिस्ट ऑफ द नॉर्थ स्टार' या अधिक हिंसक मालिकेच्या बाबतीत तर विचित्रच घडले. तिला आवाज देणाऱ्या फ्रेंच कलावंतांना ती इतकी असह्य झाली की त्यांनी संवादांत मनसोक्त कोट्या घुसवल्या आणि एका उग्र शोककथेचा फार्स करून टाकला. 'क्लब दोरोते' ऑगस्ट १९९७ मध्ये बंद झाला.

१३/
परंतु मुलांनी दिलेला कौल मोठ्यांच्या रागापेक्षा टिकाऊ ठरला. १९९३ पासून ग्लेना या प्रकाशनसंस्थेने फ्रेंचमध्ये 'ड्रॅगन बॉल'ची पुस्तके काढली आणि पुढे फ्रान्स हा जपानबाहेरील मंगाच्या सर्वांत मोठ्या बाजारांपैकी एक झाला. २०१३ मध्ये आंगुलेमच्या चित्रकथा महोत्सवाने तोरियामाला चाळिसाव्या वर्धापनदिनाचा विशेष पुरस्कार दिला. २०१९ मध्ये फ्रेंच शासनाने त्याला कला व साहित्य क्षेत्रातील 'शेव्हालिए' ही पदवी दिली. तीस वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीसमोर बसलेली मुले आता पुरस्कार देण्याच्या वयाची झाली होती.

१४/
पिरेनीज पर्वताच्या दक्षिणेला, कातालोनियात, याच मालिकेपुढे निराळाच प्रश्न होता. १९३९ मध्ये स्पॅनिश यादवी युद्ध जिंकल्यावर फ्रँकोच्या राजवटीने कातालान भाषेला शासन, शाळा आणि वृत्तपत्रे यांतून हद्दपार केले. पुढे बंधने काहीशी सैल झाली, पुस्तके निघू लागली, तरी शिक्षणाची आणि प्रतिष्ठेची भाषा स्पॅनिशच राहिली. जवळजवळ दोन पिढ्या अशा वाढल्या की त्यांना घरी बोलली जाणारी भाषा लिहिता येत नव्हती.

१५/
याच काळात कातालोनियाची लोकसंख्याही बदलली. आंदालुसिया, मुर्सिया, एक्स्त्रेमादुरा अशा गरीब प्रांतांतून कामगारांचे लोंढे बार्सिलोनाभोवतीच्या कारखान्यांकडे आले. १९५० मध्ये सुमारे ३२ लाख असलेली वस्ती १९७५ पर्यंत ५६ लाखांच्या पुढे गेली. नव्याने आलेल्यांची भाषा स्पॅनिश होती. नोव्हेंबर १९७५ मध्ये फ्रँको मरण पावला तेव्हा कातालानवरील बंदीची पकड सुटली, परंतु बार्सिलोनाच्या उपनगरांत असंख्य मुलांच्या कानावर ती भाषा क्वचितच पडत होती.

१६/
१९७९ मध्ये कातालोनियाला स्वायत्तता मिळाली. एप्रिल १९८३ मध्ये तेथील विधिमंडळाने भाषेच्या पुनःस्थापनेचा कायदा जवळजवळ एकमताने संमत केला. त्याच वर्षी सांता कोलोमा दे ग्रामानेत या कामगारवस्तीत एक लक्षणीय गोष्ट घडली. आपल्या मुलांना कातालानमधूनच शिकवावे, अशी मागणी स्पॅनिशभाषक पालकांनी स्वतः केली. ही भाषा न आल्यास आपली मुले या भूमीवर दुय्यम राहतील, हे त्यांनी ओळखले होते. शाळेत कातालानमधून शिकवण्याची पद्धत तेथून फैलावली.

१७/
सप्टेंबर १९८३ मध्ये टीव्ही३ चे पहिले प्रक्षेपण झाले आणि जानेवारी १९८४ पासून नियमित कार्यक्रम सुरू झाले. संपूर्ण कातालानमधील ही वाहिनी केवळ लोकनृत्ये आणि चर्चासत्रे दाखवणार, असे काहींना वाटले होते. वाहिनीने 'डॅलस' ही अमेरिकन मालिका कातालानमध्ये आणली. टेक्सासचे तेलसम्राट कातालानमध्ये भांडू लागले आणि लोक आवडीने पाहू लागले. धोरण स्पष्ट होते : भाषेला सणावाराचे वस्त्र न ठेवता रोजच्या वापराचे करायचे.

१८/
तरीही एक जागा उरत होती. कायदा कचेरीत पोहोचला, शिक्षक वर्गात पोहोचले, वाहिनी दिवाणखान्यात पोहोचली. मधल्या सुट्टीची घंटा झाली की मात्र मुले स्पॅनिशकडे वळत. फळ्यावरची भाषा आणि खेळातली भाषा वेगळी राहत होती. यामागे एक साधे कारण होते. मुलांच्या खेळातील वीर आजवर स्पॅनिश बोलत आले होते. १९७८ मध्ये राष्ट्रीय वाहिनीवर गाजलेला महाकाय यंत्रमानव 'माझिंगर झेड' स्पॅनिश बोलत होता. खेळताना 'मी अमुक आहे' असे म्हणायचे, तर त्या अमुकाचीच भाषा तोंडी येणार. हुकूम काढून ही अडचण सुटण्यासारखी नव्हती.

१९/
अशा वेळी १९९० मध्ये गोकू आला. काळही नाजूक होता, कारण त्याच वर्षी स्पेनमध्ये अंतेना ३ आणि तेलेसिंको या खासगी वाहिन्यांचे स्पॅनिश कार्यक्रम घरोघर येऊ लागले होते. 'बोला दे द्राक'च्या भाषांतरकारांनी मुलांना पाठ्यपुस्तकी कातालान दिली नाही. मित्रांमध्ये चालणारी चिडवाचिडवी, रागाच्या भरातले टोमणे, फुशारक्या, रडगाणी असे सारे बोलणे त्यात होते. शाळा हे शिकवत नाही, आणि जी भाषा भांडता येत नाही ती मुलांना आपली वाटत नाही.

२०/
नावांतही तीच हुशारी होती. हातांतून सुटणाऱ्या तेजाच्या लोटाला जपानीत 'कामेहामेहा' म्हणतात. कातालानमध्ये त्याचे झाले 'ओना विताल', म्हणजे प्राणलहर. पाठीवर कासवाचे कवच बांधणारा वृद्ध, खट्याळ गुरू 'फुलेत तुर्तुगा' झाला. 'फुलेत' म्हणजे कातालान लोककथांतला खोडकर यक्ष. पिकोलो या राक्षसाला 'कोर पेतीत', म्हणजे 'लहान काळीज', असे नाव मिळाले. 'द्राक' म्हणजे ड्रॅगन तर कातालोनियाच्या मातीतलाच. २३ एप्रिलचा संत जोर्दीचा सण ड्रॅगनवधाच्या कथेवर उभा आहे, आणि गावोगावच्या उत्सवांत तोंडातून ठिणग्या उडवणारे ड्रॅगन मिरवतात. जपानी कथेने परक्या घरात पाऊल ठेवले आणि तिला ओळखीची माणसे भेटली.

२१/
परिणाम मैदानावर दिसला. दोन्ही तळहात कमरेजवळ जुळवून 'ओना विताल'ची आरोळी ठोकायची, तर ती कातालानमध्येच ठोकावी लागे. सेव्हिलहून आलेल्या मजुराचा नातू आणि बार्सिलोनाच्या जुन्या घराण्यातला मुलगा एकच वाक्य एकाच भाषेत ओरडू लागले. आज चाळिशीत असलेली, स्पॅनिशभाषक घरांत वाढलेली कितीतरी माणसे सांगतात की कातालान त्यांना परकी वाटेनाशी झाली ती याच मालिकेमुळे. शाळेने त्यांना भाषा शिकवली होती. तिच्यात हसावे, खेळावे असे मात्र त्यांना गोकूने वाटायला लावले.

२२/
या मुलांनी आणखी एक गोष्ट केली, जिची कुणी योजना आखली नव्हती. मालिकेची पुस्तके, चित्रे, खेळणी बाजारात जवळजवळ नव्हती. तेव्हा जपानी मासिकांतील आणि पुस्तकांतील चित्रांच्या छायाप्रती फिरू लागल्या. स्टेशनरीच्या दुकानांत, वर्तमानपत्रांच्या टपऱ्यांवर आणि बार्सिलोनाच्या सांत आंतोनी बाजारात, जिथे रविवारी जुनी पुस्तके विकली जातात, या धूसर काळ्या-पांढऱ्या प्रतींसाठी झुंबड उडे. मुले त्या विकत घेत, एकमेकांशी बदलत, गिरवत, रंगवत. नकलेची नक्कल, तिचीही नक्कल, अशी ती चित्रे फिकट होत गेली, तरी मागणी ओसरली नाही.

२३/
ही भूक प्रकाशकांच्या नजरेतून सुटली नाही. १९९२ मध्ये प्लानेता या प्रकाशनसंस्थेने मूळ चित्रकथा स्पॅनिश आणि कातालान अशा दोन्ही भाषांत काढली. कातालान आवृत्तीला मोठा वाचकवर्ग मिळाला. ज्या भाषेत त्यांच्या आजी-आजोबांना शाळेत एक ओळही लिहू दिली गेली नव्हती, त्या भाषेतला मजकूर मुले आता पाठ्यक्रमाबाहेर, स्वतःच्या खाऊच्या पैशांनी विकत घेऊन वाचू लागली. १९९५ मध्ये बार्सिलोनात मंगाचे पहिले वार्षिक प्रदर्शन भरले. त्याची पाळेमुळे या पिढीच्या दप्तरांत होती.

२४/
स्पेनमधील इतर दडपलेल्या भाषांनीही याच सुमारास हीच वाट धरली. गालिसियात गोकू गालिसियन बोलला, बास्क प्रांतात बास्क, वालेन्सियात कातालानचे स्थानिक रूप असलेली वालेन्सियन. तेथील मुलांच्या आठवणीही अशाच आहेत. टीकाही सर्वत्र झाली. पालक आणि शिक्षक यांनी रक्तपात, उघडेवाघडे विनोद आणि वृद्ध गुरूचा चावटपणा यांवर आक्षेप घेतले. त्यांतले काही आक्षेप आजच्या वाचकालाही रास्त वाटतील, कारण स्त्रीपात्रांची या मालिकेत होणारी चेष्टा अनेकदा ओंगळ आहे. प्रेक्षकांचे प्रेम म्हणजे कलाकृतीला दिलेले निर्दोषत्वाचे प्रमाणपत्र नव्हे.

२५/
इथे इतिहासाच्या अभ्यासकाने सावध राहायला हवे. एका चित्रमालिकेने भाषा वाचवली, असे म्हणणे सोपे आणि चुकीचे ठरेल. १९८३ चा कायदा नसता तर शाळा नसत्या. सार्वजनिक पैशावर चालणारी वाहिनी नसती तर भाषांतरकार आणि आवाजाचे कलावंत नसते. सांता कोलोमाच्या पालकांनी आग्रह धरला नसता तर 'बोला दे द्राक' समजणारी मुलेच कमी असती. मालिकेने केले ते एवढेच की तयार झालेल्या या रस्त्यावरून मुले आपखुशीने चालू लागली. भाषेच्या इतिहासात हे 'एवढेच' फार दुर्मीळ असते.

२६/
आणि मिळवलेली जागा कायमची नसते, याचा पुरावाही कातालान बोलल्या जाणाऱ्या प्रदेशांतच आहे. वालेन्सियाची कनाल ९ ही सार्वजनिक वाहिनी नोव्हेंबर २०१३ मध्ये तेथील सरकारने बंद केली. त्यानंतर २०१८ पर्यंत वालेन्सियन मुलांना त्यांच्या भाषेत प्रादेशिक सार्वजनिक वाहिनीच नव्हती. कातालोनियाच्या शासकीय भाषा-पाहणीनुसार कातालान ही आपली नित्याची भाषा असल्याचे सांगणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००३ मध्ये ४६ टक्के होते, ते २०२३ मध्ये ३२.६ टक्क्यांवर आले. नव्या स्थलांतराचा त्यात मोठा भाग आहे. त्याबरोबरच मुले आता एका वाहिनीसमोर एकत्र बसत नाहीत. प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आहे, आणि त्यावरचे वीर पुन्हा स्पॅनिश किंवा इंग्रजी बोलत आहेत.

२७/
१ मार्च २०२४ रोजी तोरियामाचे वयाच्या ६८ व्या वर्षी निधन झाले. आठवडाभराने बातमी जाहीर झाली तेव्हा फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्राँ यांनी त्याने सही केलेले चित्र समाजमाध्यमावर झळकवले. चीनच्या परराष्ट्र मंत्रालयानेही शोक व्यक्त केला. ब्यूनस आयर्समध्ये लोक मोठ्या संख्येने ओबेलिस्कपाशी जमले आणि त्यांनी दोन्ही हात आकाशाकडे उंचावले. कातालोनियात वयाने मोठी झालेली मुले श्रद्धांजली लिहीत होती, तीही 'बोला दे द्राक'च्या भाषेत.

२८/
हात उंचावण्याची ही खूण कथेतलीच आहे. 'झेड'च्या अखेरच्या संग्रामात गोकूला सर्वांत मोठा प्रहार करण्यासाठी पृथ्वीवरील माणसांचे थोडेथोडे बळ उसने हवे असते. आकाशातून एक अनोळखी आवाज 'हात वर करा' असे सांगतो आणि बहुतेक माणसे त्याकडे दुर्लक्ष करतात. जग वाचणार असूनही ती ऐकत नाहीत, कारण तो आवाज त्यांच्या ओळखीचा नाही. शेवटी मिस्टर सॅटन नावाचा बढाईखोर पहिलवान ओरडतो. तो खरे तर मालिकेतला विदूषक आहे, पण लोकांचा लाडका आहे. त्याच्या एका हाकेवर जगभरचे हात वर जातात.

२९/
१९८३ च्या कातालोनियात कायद्याचा आवाज त्या आकाशवाणीसारखा होता. तो न्याय्य होता, आवश्यक होता, पण मुलांच्या ओळखीचा नव्हता. सात वर्षांनी त्यांना हाक मारली ती शेपटी असलेल्या एका मुलाने आणि कासवाचे कवच पाठीला बांधलेल्या एका म्हाताऱ्याने, त्यांच्याच गल्लीतल्या बोलीत आणि हसवत हसवत. मुलांनी हात वर केले. पुढच्या पिढीला अशी हाक कोण मारणार, याचे उत्तर कातालोनिया आजही शोधत आहे.

#थ्रेड_समाप्त